कमरेचा चौथा मणका

बळवंतकाकांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचा मला काडीचा अधिकार नाही. पण विजया मॅडम लिहायला बसल्या तर खोटं लिहितील आणि अलकाकाकू, म्हणजे काकांची बायको, लिहिणार नाहीत. उरले मी. माझं खोटं लिहून झालेलं आहे, तारखेसकट आणि सहीसकट, म्हणून आता खरं लिहून बघते.

बळवंत गुलाबराव शेवते. दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेत, शरीररचना विभागात, लॅब अटेंडंट. एकतीस वर्षं त्यांनी माणसांची हाडं धुतली, वाळवली, त्यांच्यावर पक्क्या काळ्या शाईने नंबर घातले आणि त्यांची मापं घेतली. जन्म दिल्लीचा, शिक्षण दहावी, मराठी घरी शिकलेलं आणि निम्मं हिंदीत बुडालेलं. उंची बेताची, त्यात पाठीला पोक. पोक इतका की समोरच्याशी बोलताना त्यांना मान वर करावी लागे, आणि कॉरिडॉरमधून येताना आधी डोकं दिसे, मग माणूस. एम.बी.बी.एस.ची मुलं त्यांना ‘क्वेश्चन मार्क’ म्हणत. मीही म्हणे. त्यांच्या तोंडावर म्हणत नसे, एवढीच माझी सभ्यता.

एक कसब मात्र त्यांच्यापाशी असं होतं की डॉक्टरांनी तोंडात बोटं घालावीत. हात पाठीमागे करून उभे राहायचे आणि आपण त्यांच्या हातात एक मणका ठेवायचा. ते बोटांनी चाचपून सांगायचे, मानेचा पाचवा, किंवा पाठीचा नववा, बाईचा, चाळिशीच्या आतली. चुकायचे नाहीत. बाहेरचे पाहुणे आले की विजया मॅडम हा खेळ हमखास करून दाखवत. तेव्हा त्या त्यांना बळवंतराव म्हणत. पाहुणे गेले की पुन्हा बळवंत.

मॅडम विभागप्रमुख. मूळच्या पुण्याच्या, पस्तीस वर्षं दिल्लीत. बोलणं साजूक, वागणं त्याहून साजूक, आणि आतून पक्क्या. मला त्यांनीच घेतलं. मी वाशीमहून यूपीएससीसाठी आले होते. करोल बागेत एका खोलीत तिघीजणी, चार वर्षं, चार वेळा परीक्षा. पाचव्यांदा बसायची हिंमत नव्हती आणि घरी जाऊन ‘काय झालं मग?’ ऐकायची त्याहून नव्हती. मानववंशशास्त्राची एम.एस्सी. पदवी होती. प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघाली, मी अर्ज केला. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, हाडांची भीती वाटते का. मी म्हटलं, नाही, माणसांची वाटते. त्या हसल्या आणि मला जागा मिळाली. त्या हसण्यावरून मी सावध व्हायला हवं होतं.

प्रोजेक्ट होता माणसाचा मणका शतकांनुसार कसा बदलत गेला याचा. आपण दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं, आपल्या कमरेचे मणके शंभर वर्षांपूर्वीच्या, हजार वर्षांपूर्वीच्या माणसांसारखेच आहेत का, हे बघायचं. त्यासाठी आमच्याकडे हाडांचे तीन संच होते. पहिला हरियाणातल्या एका टेकाडाखाली खोदकामात मिळालेला, फार जुना, आणि त्यातले जेमतेम सात कणे मोजण्याजोगे. दुसरा आमच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटांतून उभ्या असलेल्या बत्तीस सांगाड्यांचा. ही माणसं १९०५ ते १९३० च्या दरम्यान मेलेली, प्रत्येकाच्या पायाशी वय आणि साल लिहिलेली चिठ्ठी. तिसरा संच आजच्या माणसांचा, ज्यांनी देहदान केलं किंवा ज्यांना न्यायला कोणी आलं नाही त्यांचा.

मोजायची पद्धत काकांची. प्रत्येक मणक्याचं शरीर म्हणजे एक जाड चकतीच असते. तिची उंची पुढून मोजायची आणि मागून मोजायची. कमरेच्या खालच्या मणक्यांत पुढची उंची थोडी जास्त असते, म्हणून कमरेला बाक येतो. व्हर्नियर हातात धरणारा आकडा बोलणार, लिहिणारा तो लिहून मोठ्याने परत बोलणार, आणि मगच पुढचा मणका. काका मराठीत बोलायचे. पुढून सव्वीस पॉइंट आठ. मी म्हणायची, पुढून सव्वीस पॉइंट आठ. दिवसाचे दोनशे आकडे, आठ महिने. अर्धा दिवस गेला की माझं डोकं भणभणायचं आणि मी त्यांच्यावर डाफरायची. ते शांतपणे तोच आकडा पुन्हा बोलायचे.

त्या आठ महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. एकदा जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली मेथीची भाजी माझ्याकडे सरकवत, त्यांनी विचारलं की पेपर छापून येतो त्यात आमच्यासारख्याचं नाव येतं का. मी म्हटलं, शेवटी आभार मानतात त्यात येऊ शकतं. त्यावर म्हणाले, “माझ्या मापांवर सोळा पेपर निघाले बेटा. एकातपण नाव नाही. हाडांना निदान नंबर तरी असतो, यार.” मग म्हणाले, “आलं तर पूरा नाव येऊ दे. बळवंत गुलाबराव शेवते. मधलं गाळू नका.”

मधलं म्हणजे त्यांचे वडील. गुलाबराव याच विभागात होते, अठ्ठावन्न सालापासून. हॉलमधले बत्तीसही सांगाडे त्यांनी उभे केलेले. सुटी हाडं पेटाऱ्यांतून यायची आणि गुलाबराव ती तारेने बांधून, पाठीच्या कण्यातून लोखंडी सळई घालून, दोन मणक्यांमध्ये चामड्याच्या चकत्या बसवून माणूस पुन्हा उभा करायचे. त्यांचंही नाव कुठे नव्हतं. कपाटांवर त्या वेळच्या प्रमुखांच्या नावाची पितळी पाटी होती, आणि ती पाटी दर शनिवारी काका पुसायचे.

आकडे जमले आणि मॅडम खुलल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कमरेचे खालचे तीन मणके पुढून कमी उंचीचे, आजच्यांचे जास्त. फरक बारीक नव्हता, डोळ्यांत भरणारा होता. म्हणजे त्या लोकांच्या कमरा सरळ होत्या आणि शंभर वर्षांत आपण वाकलो. खुर्चीने हाड बदललं. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. टेकाडाखालचे ते सात कणे, जे सगळ्यांत जुने, ते आजच्यांसारखेच निघाले. मी मॅडमना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, सात म्हणजे काहीच नाही, आणि मातीच्या दाबाने हाडाचा आकार बिघडतो. माझं समाधान झालं नाही, पण समाधान होणं माझ्या कामाचा भाग नव्हता.

सप्टेंबरातली गोष्ट. चहा घेताना मी काकांना सहज म्हटलं, काय ताठ माणसं होती हो तुमच्या हॉलमधली, तुम्ही काहीच घेतलं नाही त्यांच्याकडून. ही माझी थट्टा. ते मनापासून हसले आणि म्हणाले, ताठ कसली, बाबांनी केली.

मग त्यांनी कौतुकाने सगळं सांगितलं. सत्तर-एकाहत्तर साल. कोणी मोठी असामी हॉल बघायला येणार होती. तेव्हाच्या प्रमुखांना सगळे सांगाडे एका रांगेत सावधान उभे हवे होते. पण कमरेचा बाक जाईना, सांगाडे पोट पुढे काढल्यासारखे उभे राहत. हुकूम आला की काहीही करा. गुलाबरावांनी कानस घेतली आणि प्रत्येकाच्या कमरेच्या खालच्या तीन मणक्यांची पुढची कड घासली, चकती सपाट बसेल इतकी. वर वॉर्निश. काका तेव्हा सात वर्षांचे, शाळेतून बाबांकडे यायचे आणि स्टुलावर बसून बघायचे. ती कानस अजून त्यांच्या खणात होती. त्यांनी मला काढून दाखवली, एक बाजू सपाट, एक गोल, लाकडी मूठ घामाने काळी पडलेली.

मी चहा तसाच ठेवून हॉलमध्ये गेले. पहिल्याच कपाटातल्या सांगाड्याचा कमरेचा चौथा मणका, भिंग लावून. पुढच्या कडेला वॉर्निशखाली बारीक समांतर रेघा होत्या. दुसऱ्यालाही. नवव्यालाही. मी परत आले आणि काकांना समजावून सांगितलं की आपण आठ महिने शंभर वर्षांचा बदल मोजला नाही, तुमच्या बाबांची कानस मोजली.

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी कानस खणात ठेवली आणि खण लावून घेतला. म्हणाले, मॅडमना सांगायला पाहिजे. पण मला त्यांच्यापुढे बोलायला जमत नाही, तू शिकलेली, तू नीट सांगशील. आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, “बाबांची चूक म्हणू नको. ऑर्डर होती म्हण.”

मी त्याच दुपारी सांगितलं. मॅडमनी उठून दार लावलं आणि विचारलं, हे अजून कोणाला माहीत आहे. मी म्हटलं, काका आणि मी. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. बत्तीसच्या बत्तीस घासले असतील कशावरून, म्हणाल्या. सात वर्षांच्या पोराच्या आठवणीवर विज्ञान चालतं का, म्हणाल्या. मग माझ्या पीएच.डी.चं विचारलं. जुलैत एक जागा सुटते आहे, माझ्या हाताखाली, तुझ्या मनात असेल तर. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. मी होय म्हटलं, आणि बाहेर पडताना लक्षात आलं की मणक्यांचं बोलणं मध्येच कुठेतरी राहिलं होतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला पेपरचा मसुदा पाठवला. लेखकांत पहिलं नाव मॅडमचं, दुसरं ‘बी. जी. शेवते’, तिसरं माझं. खाली कोणी काय केलं त्याची ओळ. मांडणी आणि निष्कर्ष मॅडमचे, आकडेमोड माझी, आणि मापं व हाडांची जबाबदारी शेवत्यांची. मॅडम म्हणाल्या, मापं त्याची आहेत, श्रेय त्याला मिळायला हवं. मला कळलं होतं. उद्या कोणी बोट दाखवलं तर ते कुठे पडेल याची सोय झाली होती, आणि ती सोय एका माणसाची आयुष्यभराची मागणी पुरी करून झाली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला राग आला नाही, कौतुक वाटलं.

काकांनी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांनी बघून घेतलंय, काही हरकत नाही. त्यांचा विश्वास बसला. शिकलेल्या माणसांनी बघून घेतलं म्हणजे त्या कानशीचा हिशोब कुठेतरी धरला असणार, असं त्यांना वाटलं. आणि मग मी छापील पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, आपलं नाव शोधलं आणि ‘जी’वर बोट ठेवून म्हणाले, हे आमचे बाबा. ते बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही.

वर्तमानपत्रांना असं काही मिळालं की सोनं मिळतं. ‘आजोबांची कमर सरळ, आपली वाकडी’ अशी बातमी दोन हिंदी आणि एका इंग्रजी पेपरात आली. काकांनी कात्रणाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. संक्रांतीला दिल्लीतली बरीच मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबला जातात, पानिपतात पडलेल्यांना नमस्कार करायला. काका दरवर्षी जायचे. त्या वर्षी मला आग्रहाने घेऊन गेले. अलकाकाकूंनी सगळ्यांना तिळगूळ दिला आणि काकांनी सगळ्यांना झेरॉक्स. बसमध्ये कोणा सेक्शन ऑफिसरने माइक त्यांच्या हातात दिला. पोक काढलेला हा माणूस धावत्या बसमध्ये दांडा धरून उभा राहिला आणि आपले पूर्वज किती ताठ कण्याचे होते ते त्याने लोकांना सांगितलं, मापांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते जागेवर येऊन बसले तेव्हा काकू त्यांच्याकडे अशा बघत होत्या की मी खिडकीबाहेर बघू लागले.

परतताना त्यांनी मला हळूच विचारलं, बेटा, ते कानशीचं पेपरमध्ये कुठे लिहिलंय, मला दाखव एकदा. मी म्हटलं, पुरवणीत आहे, इंग्रजीत आहे, तुम्हाला कळणार नाही. हे वाक्य मी न अडखळता बोलले.

भांडं फुटायला आणखी दहा महिने लागले. पुण्याहून परीक्षित नावाचा एक तरुण संशोधक आला. त्यालाही ते सात कणे टोचले होते. त्याने हॉल बघायची परवानगी मागितली, मॅडमना नाही म्हणता येईना. त्याने खिशातून भिंग काढलं, तिसऱ्या कपाटापाशी वाकला आणि दहा मिनिटांत सरळ झाला. काका कौतुकाने त्याच्या मागे उभे होते, हातात कपाटांच्या किल्ल्या घेऊन. त्याने विचारलं, यावर कोणी काम केलंय का. काकांनी अभिमानाने सांगितलं, हो, माझ्या वडिलांनी.

मग पत्रं आली. जर्नलचं आलं, मंत्रालयातून आलं, आणि संस्थेने तीन जणांची चौकशी समिती नेमली. मॅडमनी लिहून दिलं की हाडं आणि मापं ही सर्वस्वी दुसऱ्या लेखकाची जबाबदारी होती, वडिलांनी हाडं घासल्याचं त्याला ठाऊक होतं आणि नाव छापून येण्याच्या लोभाने त्याने ते लपवलं. माझ्यासाठी त्यांनी वेगळा कागद टाइप करून ठेवला होता. शेवते यांनी मला किंवा विभागातल्या कोणालाही याबद्दल कधीही काही सांगितलं नाही. खाली माझं नाव, तारीख, आणि सहीची जागा. तोवर माझी पीएच.डी. सुरू होऊन सात महिने झाले होते. मॅडमनी पेन पुढे केलं आणि खिडकीचा पडदा नीट करायला उठल्या. त्यांचं पडद्याचं काम संपायच्या आत माझी सही झाली होती.

समितीपुढे काकांना बोलावलं. त्यांनी हिंदीत सांगितलं की त्यांनी मयुरा मॅडमना, म्हणजे मला, सप्टेंबरातच सांगितलं होतं. म्हणून मलाही आत बोलावलं आणि समोरासमोर विचारलं. समितीतले तिघेही हिंदीवाले. मी हिंदीत म्हटलं, नाही, मला काही सांगितलेलं नाही.

काका माझ्याकडे वळले. मान वर करून बघायची त्यांची ती सवय. ते मराठीत बोलले, घरातल्यासारखं, आवाज न चढवता. “बेटा, चहा घेत होतो बघ. तू थट्टा केलीस. मी कानस दाखवली, आठवतंय ना?”

मीही मराठीत म्हटलं, “काका, तुम्ही मला तसं कधी सांगितलं नव्हतं.”

ते बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यांना ते दिसलं. एकतीस वर्षं बोटांनी चाचपून माणूस ओळखणाऱ्याला डोळ्यांनी ओळखायला किती वेळ लागणार. ते समितीकडे वळले आणि म्हणाले, “नहीं बताया होगा जी. उम्र हो गई, याद नहीं रहता.” आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. समितीच्या अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. मला जायला सांगितलं. बाहेर येऊन मी कूलरचं पाणी प्यायले, दोन ग्लास, आणि मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पश्चात्ताप वगैरे पुढच्या गोष्टी, त्या वेळी मला फक्त बरं वाटलं होतं.

पेपर मागे घेतला गेला. जर्नलने छापलेल्या निवेदनात मॅडमचं नाव नाही, माझं नाही. नाव एकच, आणि या वेळी पुरं. बळवंत गुलाबराव शेवते. चौकशीच्या कागदांवरून त्यांनी ते जसंच्या तसं उचललं होतं, मधलं न गाळता.

काकांच्या निवृत्तीला दोन आठवडे होते. विभागाने ठरवलं की घासलेले बत्तीसही सांगाडे आता निरुपयोगी आहेत, सुटे करून पेटाऱ्यांत भरावेत. हे काम कोणी करायचं, तर ज्याला येतं त्याने. काकांनी ते केलं. एक एक सांगाडा खाली उतरवून त्यांनी तारा कापल्या, सळया ओढून काढल्या. बाबांनी कातरलेल्या चामड्याच्या चकत्या पन्नास वर्षांनी बिस्किटासारख्या ठिसूळ झाल्या होत्या, हातात घेतली की तुकडे. ते तुकडे ते एका डब्यात ठेवत गेले. मी यादी करायला शेजारी बसले होते. ते आकडा बोलत, मी परत बोलत असे, याखेरीज आम्ही दोघं बोललो नाही. शेवटच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, काका, माझं चुकलं. ते म्हणाले, एकोणतिसावा, कमरेचे पाच, लिही. मी लिहिलं.

निरोप समारंभात समोसे होते. मॅडमनी भाषण केलं, बळवंतरावांच्या सेवेचा गौरव केला, झालं गेलं विसरून जाऊ म्हणाल्या. मग देहदानाचा फॉर्म वर धरून हसत म्हणाल्या, “बळवंतरावांनी जाता जाता विभागाला एक भेट द्यावी. त्यांच्या मणक्यांना तरी कानस लागलेली नाही.” सगळे हसले. काकाही हसले. ते मान वर करून, सगळ्यांकडे आळीपाळीने बघत हसले, आणि तिथेच, समोशाची ताटली बाजूला सारून, त्यांनी फॉर्मवर सही केली. नातेवाइकाच्या सहीला अलकाकाकू तयार होईनात. काका त्यांना एवढंच म्हणाले की बाबांनी खराब केलेले बत्तीस होते, एक तरी भरून देतो. काकूंनी सही केली. निघताना काकांनी मॅडमना विचारलं, हाडांसोबत नाव ठेवतात का हो. मॅडम म्हणाल्या, बिल्कुल, का नाही ठेवणार.

गाझियाबादला वसुंधरात त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. ऑगस्टमध्ये काका तिथेच गेले, सकाळी, दाढी करताना. हृदय. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. तेवढ्यात आत चामड्याच्या तुकड्यांचा तो डबा फ्रिजवर ठेवलेला दिसला. संस्थेची गाडी अकरा वाजता आली आणि त्यांना घेऊन गेली.

देहदानाचा देह आधी विद्यार्थ्यांकडे जातो. वर्षभर तो टेबलावर असतो. ज्या मुलांनी त्यांना ‘क्वेश्चन मार्क’ म्हटलं त्यांच्यातलं कोणी त्या टेबलाशी होतं का ते मी विचारलं नाही. मग हाडं धुवायची, वाळवायची. मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, एका ट्रेमध्ये. सोबतच्या कागदावर पुरुष, वय साठ, बैठे काम, एवढंच. मी मॅडमना नावाचं विचारलं. त्यांनी फाइलीतून डोकं वर न काढता म्हटलं की संग्रहात नावं नसतात, नियम आहे, तुला माहीत नाही का. मला माहीत होतं. काकांनीच शिकवलं होतं.

नंबर कुठे घालायचा तेही त्यांनीच शिकवलेलं. मणक्याच्या मागच्या बाजूला, समोरून दिसणार नाही असा, बारीक टाकाने, एका श्वासात. मी चोवीस मणक्यांवर नंबर घातला. एकाहत्तर. शाई दोन ठिकाणी पसरली, त्यांनी पुसून पुन्हा घालायला लावला असता. पाठीचे सहा मणके एकमेकांना चिकटून एकच हाड झालेले होते. म्हणजे तो पोक आळसाचा किंवा बसण्याचा नव्हता. तो आजार होता, आणि तीस वर्षं तरी तो दुखत असणार. हाडांच्या डॉक्टरांनी भरलेल्या इमारतीत त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

माझा नवा पेपर याच मापांवर उभा राहायचा आहे. जुलैपर्यंत प्रबंध द्यायचा आहे. परवा मी व्हर्नियर घेतलं. बोलणारी मी आणि परत बोलणारीही मीच. कमरेचा चौथा. पुढून सत्तावीस पॉइंट एक. पुढून सत्तावीस पॉइंट एक. मागून सव्वीस पॉइंट तीन. मागून सव्वीस पॉइंट तीन. कड भिंगाखाली धरून बघितली, नियमच आहे आता तो. एकही रेघ नाही. नमुना क्रमांक एकाहत्तर, योग्य, असं लिहिलं. चौकशीनंतर नोंदवहीत एक नवा रकाना वाढवलेला आहे, मापं कोणी घेतली त्याचा. त्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.